नकलेवरच्या तारखा

"पुन्हा म्हण," खोडके सर म्हणाले.

"मी तो कागद कधीच पाहिला नाही."

"'कधीच' नको. 'कधीच' म्हटलं की पढवून आणलेला साक्षीदार वाटतो. नुसतं 'पाहिला नाही' म्हण. आणि म्हणताना अध्यक्षांकडे बघ, माझ्याकडे नाही."

"मी तो कागद पाहिला नाही."

"हां, आता कसं!"

सरांची पांढरी अँबेसेडर बुटीबोरी मागे टाकून नागपूरकडे निघाली होती. सकाळचे साडेनऊ वाजले होते. एरवी सरांना ड्रायव्हर लागायचा, पण त्या दिवशी गाडीत तिसरं माणूस नको म्हणून ते स्वतः चालवत होते. मी पुढच्या सीटवर, काळा कोट मांडीवर घेऊन बसले होते.

सतरा वर्षं झाली त्याला. मी सव्वीस वर्षांची होते. वकिलीची सनद मिळून तीन वर्षं झाली होती, आणि ती तिन्ही वर्षं मी अॅड. विश्वंभर खोडके यांच्या हाताखाली काढली होती. आमच्या सावरखेडच्या कोर्टात त्यांच्याएवढं मोठं नाव नव्हतं. सर उलटतपासणीला उभे राहिले की शेजारच्या कोर्टातली माणसं दारात येऊन उभी राहायची. माझे बाबा त्याच कोर्टाच्या भिंतीला लागून सायकली दुरुस्त करायचे. त्यांच्या पोरीला ज्युनिअर म्हणून घ्यायला गावातला एकही वकील तयार नव्हता. सरांनी घेतलं. पहिल्याच दिवशी बाररूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "ही प्रणिता वैरागडे. माझी तिसरी मुलगी समजा."

आणि आता त्याच सरांची सनद जायची वेळ आली होती. बार कौन्सिलच्या शिस्त समितीसमोर त्यांच्याविरुद्ध तक्रार होती.

तक्रार केली होती वनमाला गावंडे या बाईनं. ती आमच्या डेपोत एस.टी.ची कंडक्टर होती. मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून घटस्फोट मिळावा म्हणून तिनं सरांना वकील केलं होतं. दोन वर्षं ती तारखांना येत राहिली. मग एका मार्च महिन्यात तिच्या हातात हुकूमनाम्याची नक्कल पडली: कोर्टाचा शिक्का, न्यायाधीशांची सही, घटस्फोट मंजूर. तिनं डेपोभर पेढे वाटले आणि तीन महिन्यांनी दिवाकर नावाच्या ड्रायव्हरशी लग्न केलं. त्यांना मुलगी झाली. ती तीन महिन्यांची असताना पहिला नवरा उगवला. त्यानं फिर्याद दिली की आमचा घटस्फोट झालेलाच नाही आणि बायकोनं दुसरं लग्न केलंय.

कोर्टात दप्तर काढून पाहिलं तर असा हुकूमनामा झालाच नव्हता. वकील तारखांना उभेच राहिले नाहीत म्हणून वनमालाचा दावा कधीच काढून टाकलेला होता. तिच्या हातातला कागद बनावट, शिक्का बनावट, सही बनावट. आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली ती वनमाला.

ती म्हणत होती, कागद मला खोडके वकिलांच्या ऑफिसात मिळाला. सरांनी शपथेवर लिहून दिलं होतं की तक्रार येईपर्यंत हा कागद मी पाहिलेला नव्हता; बाईनं तो बाहेरून कुठून तरी करून आणला असणार.

"घाबरू नकोस," नागपूर जवळ आल्यावर सर म्हणाले. गियर बदलताना त्यांच्या आवाजात नेहमीचा गोडवा होता. "एक मात्र लक्षात ठेव, प्रणिता. गाडी उलटली तर पुढच्या सीटवरचे दोघेही जातात."

ते काय म्हणत होते ते मला नीट कळलं होतं.

समितीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लांबट टेबलामागे तिघे सदस्य बसले होते. मधे अध्यक्ष, अॅड. लतिका सबनीस. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. सरांनी स्वतःची बाजू स्वतःच मांडायचं ठरवलं होतं. आणि वनमालानंही वकील दिलेला नव्हता.

"तुमचे वकील?" सबनीसबाईंनी विचारलं.

"वकील करूनच तर इथवर आले जी मी," वनमाला म्हणाली.

डावीकडच्या सदस्यांनी हसू दाबलं. वनमाला हसली नाही. ती खाकी ड्रेसवरच आली होती आणि तिच्या कडेवर पोर होतं. सव्वा वर्षाचं.

सर उभे राहिले आणि बघता बघता खोली त्यांची झाली. मी कितीतरी वेळा त्यांना असं पाहिलं होतं, आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. त्या दिवशीही आला, खोटं कशाला सांगू?

"बाई, कागद तुम्हाला चौदा मार्चला मिळाला म्हणता?"

"हो जी."

"हा डेपोचा दाखला बघा. चौदा मार्चला तुम्ही दिवसभर ड्युटीवर होता. खरं की नाही?"

"खरं. गाडी सव्वाचारला डेपोत लागली. हिशोब देऊन मी तशीच तुमच्या ऑफिसात आले. पाच वाजत होते."

"मी ऑफिसात होतो?"

"नाही. तुम्ही नव्हते. प्रणिता मॅडम होत्या. त्यांनीच पाकीट देलं मले. वरतून पाणी पाजलं."

सरांनी समितीकडे पाहून हात पसरले. "म्हणजे कागद मी दिला असं तक्रारदारसुद्धा म्हणत नाही. आता उरली माझी ज्युनिअर. ती इथे हजर आहे. तिलाच विचारू."

मी साक्षीच्या खुर्चीवर बसले आणि शपथ घेतली. सबनीसबाईंनी तो कागद माझ्यासमोर ठेवला. दोन वर्षांत त्याच्या घड्या फाटायला आल्या होत्या. वनमालानं मागून चिकटपट्टी लावली होती.

"हा कागद तुम्ही पूर्वी पाहिलाय?"

मी अध्यक्षांकडे पाहिलं. सरांकडे नाही.

"पाहिला नाही."

शब्द इतके सहज बाहेर पडले की माझी मलाच भीती वाटली. सरांनी मान हलवली, एखादी अवघड गाठ एका ओढीत सुटावी तशी. उजवीकडचे सदस्य काहीतरी लिहायला लागले. मला वाटलं, झालं. संपलं. दुपारी दोनपर्यंत आपण सावरखेडला.

"तक्रारदारांना साक्षीदाराला काही विचारायचंय?"

वनमाला उठली. मूल तिच्या गळ्यातली कंडक्टरची शिट्टी ओढत होतं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर मी टिकले असते.

"मॅडम, मले कायद्यातलं काही विचारता येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही शिकल्या-सवरल्या आहात, म्हणून एकच सांगा. मी आज कोणाची बायको आहे?"

तिनं कडेवरचं पोर जरा वर घेतलं.

"त्या माणसाची असीन तर हे पोर कोणाचं म्हणून लिवू? दाखल्यावर बापाचं नाव रिकामं हाय. दिवाकर म्हणतो, माझं टाक. कारकून म्हणतो, कागद आण. कोणता कागद नेऊ, मॅडम? हा?"

"अध्यक्ष महोदया, हा प्रश्न होऊ शकत नाही," सर म्हणाले.

"बरोबर आहे," सबनीसबाई म्हणाल्या. "बाई, तुम्ही कागदाबद्दल विचारा."

"मंग नाही विचारायचं काही," वनमाला म्हणाली आणि वळली.

ती जागेवर पोचायच्या आत मी उभी राहिले. उभी राहायचं मी ठरवलं नव्हतं. पाय उभे राहिले.

"मला माझं उत्तर बदलायचंय."

"प्रणिता!" सर म्हणाले. हळूच. लहान मुलाला विहिरीच्या काठावरून मागे बोलवावं तसं.

"मी हा कागद पाहिला होता. चौदा मार्चला पाकिटात घालून मीच यांना दिला."

सबनीसबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही आत्ता शपथेवर नाही म्हणालात."

"खोटं बोलले."

"याचे परिणाम तुम्हाला कळतायत?"

"कळतायत. अजून आहे." थांबले तर पुढे बोलवणार नाही, हे मला माहीत होतं. "नकलेच्या मागे शिक्का असतो. अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, अशा तीन तारखा त्यात हातानं भरायच्या असतात. त्या कोर्टातला कारकून भरतो. या कागदावर त्या मी भरल्यात. अक्षर माझं आहे."

उजवीकडच्या सदस्यांनी कागद उलटा केला.

"सरांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, कारकून तारखा भरायच्या विसरलाय, तेवढ्या भरून टाक. मी भरल्या. भरताना शिक्क्याची जांभळी शाई माझ्या बोटाला लागली. ओली होती. कोर्टातून आलेल्या कागदावरची शाई ओली कशी असेल? मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. खरं सांगायचं तर कळलंच होतं. मी हात धुतले, कागद पाकिटात घातला आणि गप्प बसले."

ही गोष्ट मी तोवर कोणाला सांगितली नव्हती. बाबांनाही नाही. सरांना मात्र माहीत होती. म्हणून तर मी त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर होते.

सर सावकाश उठले. चेहऱ्यावर दुःख होतं. आणि ते दुःख खरं होतं की कसलेलं, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

"अध्यक्ष महोदया," ते म्हणाले, "हिला मी मुलीसारखी वाढवली. त्यामुळे हे बोलताना मला काय होतंय ते मलाच माहीत. पण आता सगळंच स्पष्ट झालं. कागद हिनं दिला. अक्षर हिचं. दाव्याच्या तारखा सांभाळायचं कामही हिच्याकडे होतं. दावा निघून गेला, ही घाबरली, आणि माझ्या पाठीमागे हिनं हा उद्योग केला. मी तर तक्रार येईपर्यंत हा कागद पाहिलेलासुद्धा नव्हता. ते मी शपथेवर लिहून दिलंच आहे."

मी त्यांना वाचवायला आले होते, मग त्यांना सोडून खरं बोलले, आणि आता सगळा दोष माझ्या एकटीच्या अंगावर आला होता. त्यांची उलटतपासणी मी इतकी वर्षं कौतुकानं बघत आले होते. समोर उभं राहिल्यावर कसं वाटतं, ते त्या दिवशी कळलं.

"तुमच्या सांगण्याला दुसरा काही आधार आहे?" सबनीसबाईंनी विचारलं. "खोडके वकिलांना हा कागद माहीत होता, असा?"

नव्हता. ऑफिसात आम्ही दोघंच होतो. मी डोकं धरून बसले. चौदा मार्च. पाकीट. पाणी. पेढे. त्यानंतर? त्यानंतर वनमाला पुन्हा आली होती. कशाला आली होती? डेपोत...

"पत्र!" मी ओरडलेच. "नोकरीच्या कागदांतून पहिल्या नवऱ्याचं नाव काढायचं होतं. डेपो मॅनेजरना सरांनी पत्र दिलं होतं! मी टाइप केलं, सही सरांची. 'सोबत हुकूमनाम्याची प्रत जोडली आहे,' असं त्यात लिहिलंय."

सरांची मान माझ्याकडे वळली.

"पत्र कुठे आहे?"

मी वनमालाकडे पाहिलं. ती म्हणाली, "बंद पाकीट होतं जी. मी उघडलं नाही. साहेबाच्या हातात देलं. माझ्या फायलीत असंन."

घड्याळात पावणेएक झाला होता. सबनीसबाईंनी दोन्ही सदस्यांशी कुजबुज केली. "समिती चार वाजेपर्यंत बसेल. पत्राची प्रत तोवर आली तर पाहू. मूळ पत्र नंतर मागवता येईल."

आम्ही दोघी जिने उतरून खाली धावलो. रस्त्यापलीकडे फोन-फॅक्सचं दुकान होतं. वनमालानं कडेवरचं मूल माझ्या हातात दिलं. "धरा हिले!" आणि तिनं दिवाकरच्या मोबाइलचा नंबर फिरवला.

"दिवाकर? कुठं हायेस? गाडीवर? उतर आधी. उतर म्हणते ना! माझी फाइल काढाले सांग."

पलीकडून काय काय येत होतं ते तिच्या तोंडावरून कळत होतं. रेकॉर्डचा कारकून जेवायला गेला होता. कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. दिवाकरची गाडी अडीचला सुटायची होती. मी मुलीला धरून फूटपाथवर येरझाऱ्या घालत होते. तिनं माझ्या गळ्यातल्या पांढऱ्या वकिली बँडचं टोक तोंडात घातलं होतं. दोन वाजले. सव्वादोन. पुन्हा फोन. कारकून आला होता, पण मॅनेजरच्या परवानगीशिवाय तो कागद द्यायला तयार नव्हता. मॅनेजर मीटिंगमध्ये.

"अडीच झाले, तुझी गाडी?" वनमालानं फोनमध्ये विचारलं. मग ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "पॅसेंजरला सांगितलं म्हणे त्यानं. गाडी थांबली हाय. पॅसेंजर पण उतरून मॅनेजरच्या दारात गेले."

तीन वाजून वीस मिनिटांनी दुकानातलं फॅक्स मशीन कुरकुरलं. आम्ही दोघी त्यावर ओणवलो. कागद बोटबोटभर बाहेर यायला लागला. आधी सरांचं नाव, पदव्या, ऑफिसचा पत्ता. मग तारीख, सत्तावीस मार्च. मग "मा. आगार व्यवस्थापक यांस". मग मशीन थांबलं. लाइन तुटली.

"लावा पुन्हा!" मी दुकानदारावर खेकसले. आयुष्यात इतकी कोणावर खेकसले नव्हते.

पुन्हा लावलं. पुन्हा नाव, पत्ता, तारीख. मी एकेक ओळ मोठ्यानं वाचत होते. "माझ्या पक्षकार श्रीमती वनमाला यांचा घटस्फोट... मंजूर झाला असून... सोबत हुकूमनाम्याची प्रत..." आणि खाली सही. तिरकी, लांब शेपटीची. तीन वर्षं दररोज मी ती पाहत आले होते.

वनमालानं मशीनमधून कागद उचलला आणि आम्ही धावलो. दुकानदार "बाई, पैसे!" म्हणत मागे आला, तर तिनं कंडक्टरच्या बॅगेतून नोट काढून न बघताच त्याच्या हातात कोंबली.

सबनीसबाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग सरांसमोर ठेवलं.

"ही सही तुमची?"

"फॅक्सवर सही ओळखता येत नाही," सर म्हणाले. "मूळ कागद पाहिल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

उत्तर बिनचूक होतं. फक्त आवाज त्यांचा नव्हता.

मूळ पत्र पुढच्या तारखेला डेपोचा माणूस घेऊन आला. सही सरांचीच निघाली. निकालाला अजून चार महिने लागले, पण खरा निकाल त्या दुपारीच लागला होता, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं.

संध्याकाळी पाचला मी खाली आले तेव्हा सर गाडीपाशी उभे होते. हातात किल्ली. मला पाहून ते दार उघडायला वळले नाहीत.

"मी तुला काय कमी केलं होतं?" त्यांनी विचारलं.

त्यांनी मला खरंच काही कमी केलं नव्हतं. मी खाली वाकून नमस्कार केला. ते गाडीत बसले आणि निघून गेले. मी एस.टी.नं परतले. वनमालानं मला तिच्या शेजारी बसवलं.

अॅड. विश्वंभर खोडके यांचं नाव वकिलांच्या यादीतून कायमचं काढलं गेलं. त्यांनी दिल्लीला अपील केलं, ते फेटाळलं गेलं. माझ्यावर वेगळी चौकशी झाली. मी काही नाकारलं नाही. सहा महिने सनद निलंबित. ते सहा महिने मी बाबांच्या दुकानात बसून पंक्चरं काढली. वकील मंडळी समोरून जायची. काही बघायची नाहीत. काही मुद्दाम सायकल घेऊन यायची. बाबा एकदाच बोलले, "हात काळे झाले तर साबणानं निघतात, पोरी." त्यांना शाईची गोष्ट मी तोवर सांगितली होती.

वनमालाला फसवलं गेलं होतं हे समितीच्या निकालात आल्यामुळे फौजदारी कोर्टानं तिला सोडलं. घटस्फोटाचा दावा मात्र नव्यानंच करावा लागणार होता. गावात बारा वकील होते. ती एकाकडेही गेली नाही.

माझं निलंबन संपलं त्या सोमवारी सकाळी मी कोर्टात आले, तर ती पिंपळाखाली उभी. खाकी ड्रेस, खांद्याला बॅग, बोट धरून मुलगी.

"आणा वकीलपत्र," ती म्हणाली.

"वनमालाताई, दुसरा कोणी बघा. माझ्यावर कोण भरवसा ठेवील?"

"मी कुठं म्हटलं भरवसा ठेवते म्हणून?" ती म्हणाली. "आणा."

मी वकीलपत्र तिच्यासमोर ठेवलं. तिनं सही केली नाही. पिंपळाच्या पारावर बसली, मुलीला शेजारी बसवलं, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. एकेक शब्द. अडला की मला विचारायची: "मुखत्यार म्हणजे?" "तडजोड म्हणजे काय, माझ्याबिगर करता येते का तुम्हाले?" मी सांगत गेले. कोर्टाची घंटा झाली, लोक आत गेले, पार रिकामा झाला. एका पानाला आम्हाला पाऊण तास लागला.

शेवटच्या ओळीपाशी पोचल्यावर तिनं मान वर केली.

"आता द्या पेन," ती म्हणाली.